दहावी-बारावीनंतर सैन्यात भरती व्हायचे असेल, तर तयारी कोणत्या क्रमाने करावी

सैन्यभरतीची तयारी करणारी आपल्याकडची बहुतेक मुले आधी धावायला सुरुवात करतात, अर्ज सुटला की घाईने फॉर्म भरतात, परीक्षेचे पुस्तक शेवटच्या महिन्यात उघडतात, कागदपत्रांची जुळवाजुळव रॅलीच्या, म्हणजे मैदानावरच्या भरती मेळाव्याच्या, आदल्या आठवड्यात करतात आणि वैद्यकीय तपासणीचा विचार मैदान पार केल्यावर करतात. भूदलाच्या अग्निवीर (चार वर्षांसाठी घेतले जाणारे जवान) भरतीचा क्रम मात्र २०२३ पासून बदलला आहे. आता संगणकावरची सामाईक प्रवेश परीक्षा आधी होते, तिच्यातून निवडलेल्यांनाच मैदानावर बोलावले जाते, त्यानंतर कागदपत्रे पाहिली जातात आणि वैद्यकीय तपासणी होते. दोन-दोन वर्षे धावलेली मुले मैदानाचे तोंडही न पाहता परत फिरतात, ती या कारणाने. त्याहून वाईट वाटते ते डॉक्टरांनी एका दिवसात सांगितला असता असा दोष दोन वर्षांच्या मेहनतीनंतर कळतो तेव्हा.

म्हणून पुढे दिलेला क्रम सोपेपणावर ठरवलेला नाही. ज्या गोष्टी बदलता येत नाहीत किंवा बदलायला महिने लागतात त्या आधी घेतल्या आहेत, आणि मेहनतीने सुधारतात त्या नंतर.

१. आधी दार ठरवा

शाळा संपल्यावर सैन्यात जाण्याचे दोन मुख्य मार्ग आहेत आणि त्यांची तयारी एकमेकांपासून अगदी वेगळी आहे.

पहिला मार्ग अधिकारी होण्याचा. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी केंद्रीय लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा परीक्षा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस असावे लागते आणि बारावीत शिकत असतानाही अर्ज करता येतो. लष्करी शाखेसाठी बारावी कोणत्याही शाखेची चालते. हवाई आणि नौदल शाखांसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित लागते. येथे एक चूक वारंवार होते. ‘कोणतीही शाखा चालते’ एवढेच वाचून मुले अकरावीला गणित सोडतात, परंतु लेखी परीक्षेत गणिताचा ३०० गुणांचा पेपर सर्वांनाच द्यावा लागतो. सामान्य क्षमता चाचणी ६०० गुणांची असते आणि त्यानंतर निवड मंडळाची मुलाखत ९०० गुणांची. दहावीनंतर या मार्गाने जायचे असेल, तर छत्रपती संभाजीनगर येथील राज्य शासनाची सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्था मुलांसाठी आणि नाशिक येथील तशीच संस्था मुलींसाठी आहे. तेथील प्रवेशाची तयारी दहावीतच करावी लागते.

दुसरा मार्ग अग्निवीर होण्याचा. पुढील सर्व टप्पे याच मार्गाचे, त्यातही भूदलाचे आहेत, कारण आपल्याकडून सर्वाधिक अर्ज आणि सर्वाधिक चुका तेथेच होतात.

अर्ज करण्यापूर्वी घरातल्या मोठ्यांना बरोबर घेऊन या नोकरीचे स्वरूप कागदावर मांडावे. सेवा चार वर्षांची आहे. पहिल्या वर्षी महिना ३०,००० रुपये, नंतर ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,००० असे वेतन आहे. त्यातील ३० टक्के रक्कम सेवानिधीत जाते, म्हणजे पहिल्या वर्षी हातात २१,००० येतात. शासनही तेवढीच भर घालते आणि चार वर्षांनी व्याजासह सुमारे ११.७१ लाख रुपये मिळतात, ज्यांवर आयकर नाही. ४८ लाखांचे विमासंरक्षण सेवाकाळात असते. निवृत्तिवेतन आणि उपदान (ग्रॅच्युइटी) नाही. जास्तीत जास्त २५ टक्के जणांना पुढे नियमित सेवेत घेतले जाते. याचा अर्थ असा की चारपैकी किमान तीन मुले बाविशी-पंचविशीच्या दरम्यान घरी परत येणार आहेत, आणि आपले मूल त्या तिघांत असेल असे धरूनच घरच्यांनी हिशेब करावा. सेवानिधीवर आजच कर्ज काढणारी, किंवा ‘पर्मनंट’ होणारच असे गृहीत धरून बारावी अर्धवट सोडणारी घरे मी पाहिली आहेत. बारावी पूर्ण करावी. दहावीवर भरती होता येत असले तरी चार वर्षांनंतर तोच कागद उपयोगी पडतो.

तपासा: उमेदवार अविवाहित आहे ना? भरतीसाठी ती अट आहे आणि चार वर्षांच्या सेवेतही लग्न करता येत नाही. गावाकडे साखरपुडा उरकून ठेवण्याची घाई करणाऱ्यांना हे आधीच सांगावे.

२. पद निवडा आणि गुणपत्रक विषयवार वाचा

जनरल ड्यूटी, म्हणजे मुलांच्या तोंडी असलेल्या ‘जीडी’साठी, दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात ३३ टक्के गुण लागतात. लिपिक आणि भांडारपाल पदासाठी बारावीला एकूण ६० टक्के आणि प्रत्येक विषयात ५० टक्के लागतात. इंग्रजी आणि गणित किंवा हिशेबाच्या विषयाबाबत वेगळी अट आहे. तांत्रिक पदासाठी बारावी विज्ञान शाखेत एकूण ५० आणि प्रत्येक विषयात ४० टक्के लागतात. दहावीनंतर आयटीआय किंवा पदविका केलेल्यांनाही तेथे वाट आहे. ट्रेड्समनची काही पदे दहावीवर, तर मेस कीपर आणि हाउस कीपर ही पदे आठवीवर भरली जातात. मुलींसाठी लष्करी पोलीस दलातील जीडी पद आहे.

‘मी पास आहे’ एवढ्यावर थांबू नका. आपल्या राज्य मंडळात काही विषयांना एकत्रित उत्तीर्णतेची सवलत असल्यामुळे एखाद्या विषयात ३३ पेक्षा कमी गुण असूनही विद्यार्थी उत्तीर्ण ठरलेला असतो. गुणपत्रकावर शेवटी छापलेली टक्केवारी सर्वोत्तम पाच विषयांची असते. तिच्याकडे पाहून हा विषय लक्षात येत नाही आणि तो कागदपत्रांच्या टेबलावर उघड होतो.

वयाबद्दलही तेवढीच काळजी घ्यावी. योजनेत साडेसतरा ते एकवीस असे वय सांगितले गेले, परंतु पहिल्याच वर्षी, २०२२ मध्ये, वरची मर्यादा एकदा सवलत म्हणून २३ करण्यात आली होती. म्हणून ऐकीव आकड्यावर न जाता त्या वर्षीच्या अधिसूचनेत ‘अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत जन्मलेले’ अशी जी चौकट छापलेली असते, तिच्यात आपली जन्मतारीख बसते का, एवढेच पाहावे. दोन्ही टोकांच्या तारखा त्यात धरलेल्या असतात.

३. धावण्याआधी शरीर तपासून घ्या

हा टप्पा बहुतेक जण वगळतात आणि सर्वांत मोठे नुकसान येथेच होते. जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात जाऊन डॉक्टरांना ‘सैन्यभरतीच्या दृष्टीने तपासा’ असे स्पष्ट सांगावे. नुसते तंदुरुस्त असल्याचे प्रमाणपत्र मागितले तर नाडी आणि रक्तदाब पाहून सही मिळते. त्याचा काही उपयोग नाही.

उंची: महाराष्ट्रातील उमेदवाराला जीडीसाठी १६८ सेंटिमीटर, तांत्रिक पदासाठी १६७ आणि लिपिक पदासाठी १६२ लागते. अनवाणी, भिंतीला टाच लावून आणि शक्य तर संध्याकाळी मोजावी, कारण दिवसभरात उंची किंचित घटते आणि संध्याकाळी भरलेली उंची सकाळी कमी पडत नाही. शिंप्याच्या टेपने मोजून ठेवलेल्या उंचीवर विसंबू नये. आजी-माजी सैनिकांच्या मुलांना आणि ठरावीक दर्जाच्या खेळाडूंना थोडी सूट असते, पण तिचा दाखला लागतो.

छाती: न फुगवता ७७ सेंटिमीटर आणि फुगवून किमान ५ सेंटिमीटरची वाढ. श्वासाच्या सरावाने ही वाढ दोन-तीन महिन्यांत सुधारते, त्यामुळे येथे कमी पडणाऱ्याने घाबरून जाऊ नये.

डॉक्टरांना नेमके काय पाहायला सांगायचे, तेही सांगतो. ताठ उभे राहिल्यावर गुडघ्याला गुडघा लागतो का. तळपाय सपाट आहेत का. ओला पाय फरशीवर ठेवून उमटलेला ठसा पाहिला तर घरीही अंदाज येतो. हात सरळ केल्यावर कोपर प्रमाणाबाहेर बाहेरच्या बाजूला वळते का. पायांच्या शिरा फुगलेल्या आहेत का. नाकाचे हाड वाकडे आहे का, कानाच्या पडद्याला छिद्र आहे का, टॉन्सिल वाढलेले आहेत का. हायड्रोसिल, व्हेरिकोसिल किंवा हर्निया आहे का. तळहातांना सतत घाम सुटतो का. दातांची संख्या आणि अवस्था कशी आहे. प्रत्येक डोळ्याची लांबची नजर सहा-सहा आहे का आणि लाल-हिरवा रंग नीट ओळखता येतो का.

यातील काही दोष उपचाराने बरे होतात, काही होत नाहीत. रंगांधळेपणावर उपाय नाही. तो आढळला तर ही दोन वर्षे दुसऱ्या वाटेसाठी मोकळी झाली असे समजावे. हायड्रोसिल किंवा नाकाच्या हाडाची शस्त्रक्रिया करायची असेल तर ती आताच करावी, कारण रॅलीच्या तोंडावर केलेली शस्त्रक्रिया पूर्ण भरून आलेली नसते आणि तेवढ्यावरूनच अपात्र ठरवले जाते.

सावधान: कायमस्वरूपी गोंदण केवळ कोपरापासून मनगटापर्यंतच्या आतल्या बाजूला आणि तळहाताच्या मागच्या बाजूला चालते. दंडावर किंवा छातीवर गोंदवून घेतलेले नाव भरतीतून बाद करते. आदिवासी समाजांच्या पारंपरिक गोंदणाला वेगळा नियम आहे. यात्रेत मित्रांबरोबर हात पुढे करण्याआधी हे आठवावे.

४. नाव आणि जन्मतारीख सगळीकडे एकसारखी करा

दहावीचे प्रमाणपत्र हा मूळ आधार. उमेदवाराचे नाव, वडिलांचे नाव, आईचे नाव आणि जन्मतारीख त्यावर जशी आहे तशीच आधार कार्डावर, पॅन कार्डावर आणि बँक खात्यावर हवी. आपल्याकडे दहावीच्या प्रमाणपत्रावर आडनाव पहिले येते आणि आधारवर बहुधा शेवटी. नुसत्या या क्रमापेक्षा स्पेलिंगमधला फरक जास्त त्रास देतो. वडिलांचे नाव एका कागदावर ‘राव’ लावून आणि दुसऱ्यावर न लावता, आईचे नाव एकीकडे माहेरचे आणि दुसरीकडे सासरचे, असे फरक घरोघरी आहेत.

दुरुस्तीचा क्रम असा ठेवावा. दहावीच्या प्रमाणपत्रातच चूक असेल तर शाळेमार्फत विभागीय मंडळाकडे अर्ज करावा. याला महिने लागू शकतात. ते बरोबर असेल तर आधार त्याप्रमाणे करून घ्यावे. आधारवरील जन्मतारीख आयुष्यात एकदाच आणि नाव दोनदाच बदलता येते, म्हणून केंद्रावर पावती हातात आल्यावर अक्षरन् अक्षर वाचूनच पुढे जावे. आधारला स्वतःचा किंवा घरातला, चालू असलेला मोबाइल क्रमांक जोडावा.

याच काळात अधिवास आणि जातीच्या दाखल्यांसाठी आपले सरकार केंद्रावर अर्ज टाकून ठेवावा. निकालानंतर महाविद्यालयीन प्रवेशांच्या गर्दीत हे दाखले अडकतात. सरपंच किंवा नगरपालिकेकडून मिळणारे चारित्र्याचे आणि अविवाहित असल्याचे दाखले मात्र आताच काढू नयेत, कारण ते रॅलीपूर्वीच्या सहा महिन्यांतलेच असावे लागतात.

सावधान: मूळ गुणपत्रक आणि मूळ प्रमाणपत्र कोणत्याही अकादमीकडे किंवा मध्यस्थाकडे ठेवायला देऊ नका. ‘फी पूर्ण भरल्यावर परत मिळेल’ असे सांगून कागद अडवले जातात आणि रॅलीची तारीख निघून जाते.

५. अर्ज स्वतः भरा

अर्ज भूदलाच्या भरतीच्या अधिकृत संकेतस्थळावर, जॉइन इंडियन आर्मीवर, भरला जातो. २०२५ मध्ये नोंदणी १२ मार्चला सुरू झाली आणि परीक्षा ३० जूनपासून झाली. दर वर्षीच्या तारखा वेगळ्या असतात, पण बारावीची परीक्षा आणि ही नोंदणी जवळजवळ येतात हे ध्यानात ठेवावे. महाराष्ट्रात पुणे, मुंबई, नागपूर, कोल्हापूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे भरती कार्यालये आहेत. आपला जिल्हा ज्या कार्यालयाच्या अधिसूचनेत आहे तीच अधिसूचना उतरवून घ्यावी आणि ती पूर्ण वाचावी. मित्राच्या जिल्ह्याची अधिसूचना वाचून केलेली तयारी तारखांना चुकते.

फॉर्म सायबर कॅफेत बसून भरला तरी ईमेल आणि मोबाइल क्रमांक स्वतःचेच द्यावेत. कॅफेवाल्याचा ईमेल दिलेल्या मुलाला प्रवेशपत्र निघाल्याचेच कळत नाही. परीक्षाशुल्क २५० रुपये असून ते संकेतस्थळावरच भरायचे असते. त्यापलीकडे भरतीच्या कोणत्याही टप्प्यावर कोणालाही एक रुपयाही द्यावा लागत नाही. २०२५ पासून पात्रतेप्रमाणे दोन पदांसाठी अर्ज करता येतो. एनसीसीचे प्रमाणपत्र किंवा खेळाचा दाखला असेल तर तो फॉर्ममध्येच नोंदवावा, कारण बोनस गुण त्यावर अवलंबून असतात.

तपासा: अंतिम सबमिट करण्यापूर्वी दहावीचे प्रमाणपत्र हातात घेऊन दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला सांगा आणि आपण पडद्यावर ताडून पाहा. स्वतः भरलेली चूक स्वतःला दिसत नाही.

६. परीक्षेला धावण्याइतकाच वेळ द्या

जीडीची परीक्षा एका तासाची, ५० प्रश्नांची आणि १०० गुणांची असते. बरोबर उत्तराला दोन गुण मिळतात, चुकीच्या उत्तराला अर्धा गुण कापला जातो. सामान्य ज्ञान, सामान्य विज्ञान, गणित आणि तर्कशक्ती असे विषय असतात आणि पातळी दहावीपर्यंतची. परीक्षा मराठीतूनही देता येते. नुसते उत्तीर्ण होणे पुरत नाही, कारण पुढे बोलावले जाते ते गुणानुक्रमे, आणि येथले गुण अंतिम यादीतही मोजले जातात.

गणितापासून सुरुवात करावी, कारण घोकून न येणारा विषय तोच आहे. शेकडेवारी, सरासरी, नफा-तोटा, काळ-काम-वेग आणि क्षेत्रफळ या पाच प्रकरणांवर हात बसला की गणिताची भीती बरीचशी जाते. विज्ञानासाठी राज्य मंडळाची आठवी ते दहावीची पाठ्यपुस्तके आधी वाचावीत. बाजारातल्या हजार प्रश्नांच्या पुस्तकात उत्तर असते, कारण नसते, आणि प्रश्न थोडा फिरवून आला की मुलगा अडतो.

अर्ध्या गुणाच्या कपातीचाही विचार करून ठेवावा. चार प्रश्न डोळे मिटून सोडवले आणि त्यांतला एक बरोबर आला, तर दोन गुण मिळून दीड जातो. हाती अर्धा उरतो. म्हणून चारपैकी एक तरी पर्याय खात्रीने चूक आहे असे कळत असेल तर उत्तर द्यावे आणि काहीच कळत नसेल तर पुढच्या प्रश्नाकडे जावे. सराव संगणकावर करावा. माउस हातात न धरलेल्या मुलाचा वेळ प्रश्नापेक्षा पडद्यावर जातो. लिपिक पदाच्या उमेदवारांना टंकलेखनाची चाचणीही द्यावी लागते.

७. मैदान: बीमकडे दुर्लक्ष करू नका

जीडीच्या मैदानाचे १०० गुण असतात, ६० धावण्याचे आणि ४० पुल-अपचे. १.६ किलोमीटर साडेपाच मिनिटांत पूर्ण केले तर ६० गुण, ५ मिनिटे ४५ सेकंदांपर्यंत ४८. २०२५ च्या भरतीपासून सहा मिनिटांपर्यंत ३६ आणि सव्वासहा मिनिटांपर्यंत २४ गुण असे आणखी दोन गट आले. बीमवर, म्हणजे पुल-अपच्या आडव्या दांड्यावर, दहा पुल-अपला ४०, नऊला ३३, आठला २७, सातला २१ आणि सहाला १६ गुण आहेत. नऊ फुटांचा खड्डा आणि झिगझॅग तोल यांना गुण नाहीत, पण दोन्ही पार करावेच लागतात.

हे आकडे शेजारी शेजारी ठेवून पाहा. धावण्यातले पंधरा सेकंद १२ गुणांचे आहेत, तर सहा आणि दहा पुल-अपमधले अंतर २४ गुणांचे. तरीही मुले रोज तासभर धावतात आणि बीमला आठवड्यातून एकदा हात लावतात.

धावण्यासाठी किमान चार महिने धरावेत. साडेपाच मिनिटे म्हणजे ४०० मीटरची एक फेरी साधारण साडेब्याऐंशी सेकंदांत. आठवड्यातले दोन दिवस पाच-सहा किलोमीटर सावकाश, एक दिवस ४०० मीटरच्या सहा वेगवान फेऱ्या मध्ये विश्रांती घेऊन, एक दिवस लहान चढावर आणि किमान एक दिवस पूर्ण विश्रांती, एवढे पुरते. वेळ लावून पूर्ण अंतर पंधरा दिवसांतून एकदाच पळावे. रोज घड्याळ लावून पळणाऱ्याची नडगी दुखू लागते आणि दुखत्या नडगीवर पळत राहिल्यास हाडाला तडा जातो. गावातल्या मोकळ्या मैदानावर वेळ सव्वापाच मिनिटांपर्यंत आणावी, कारण रॅलीत मोठ्या घोळक्यातून वाट काढत पळावे लागते आणि पहिली फेरी बाहेरच्या बाजूने गेली तर अंतरही वाढते.

पुल-अप शून्य असणाऱ्याने उडी मारून हनुवटी बीमच्या वर न्यावी आणि पाच मोजत सावकाश खाली यावे. दीड-दोन महिन्यांत पहिला स्वच्छ पुल-अप येतो. प्रत्येक वेळी हात पूर्ण सरळ करून लटकायचे आणि अंगाला झोका द्यायचा नाही, अशीच सवय लावावी. झोक्याने काढलेले पुल-अप रॅलीत मोजले जात नाहीत.

सावधान: पहाटे अंधारात डांबरी रस्त्यावर पळू नका. वाहनाखाली येऊन अशी मुले गेली आहेत. शाळेचे मैदान, नाहीतर शेताचा कच्चा रस्ता निवडा. ताकदीच्या नावाखाली मिळणारी इंजेक्शने आणि गोळ्या घेऊ नका. त्या भरतीत निषिद्ध आहेत आणि शरीराचे नुकसान आयुष्यभराचे आहे.

८. रॅलीचा दिवस आणि कागदांची पिशवी

रॅलीची वेळ बहुधा मध्यरात्रीनंतरची किंवा पहाटेची असते. आदल्या दुपारीच गावात पोहोचून झोपायची जागा ठरवावी. उपाशीपोटी धावू नये आणि भरपेटही. दोन तास आधी केळे, चपाती-गूळ असे काही खावे. नवे बूट त्या दिवशी घालू नयेत.

पिशवीत रंगीत छापलेले प्रवेशपत्र, सर्व गुणपत्रके आणि प्रमाणपत्रे, अधिवास आणि जातीचे दाखले, जातीच्या दाखल्यावर धर्म लिहिलेला नसेल तर धर्माचा दाखला, शाळेचा चारित्र्याचा दाखला, सरपंचांचे दोन्ही दाखले, आधार, पॅन, बँक पासबुक, एनसीसी किंवा खेळाची प्रमाणपत्रे, अधिसूचनेतील नमुन्याप्रमाणेच केलेले शपथपत्र आणि पांढऱ्या पार्श्वभूमीचे वीस फोटो असावेत. अठरा वर्षे पूर्ण नसतील तर पालकांच्या संमतीची सही लागते. मूळ कागद एका फाइलमध्ये, साक्षांकित प्रतींचे संच दुसऱ्या फाइलमध्ये.

तपासा: अविवाहित असल्याच्या दाखल्यावर फोटो चिकटवलेला आहे का, त्यावर सरपंचांचा शिक्का आला आहे का, आणि दाखल्याची तारीख सहा महिन्यांच्या आतली आहे का? या एका कागदावरून परत फिरणारी मुले दर रॅलीला दिसतात.

गावातल्या भांडणात किंवा आंदोलनात पोलिसांत नाव गेले असेल तर ते लपवू नये. पडताळणीत ते निघतेच, आणि लपवल्याचा ठपका मूळ प्रकरणापेक्षा जड जातो. खोटा दाखला सापडला तर गुन्हा दाखल होतो आणि पोलीस भरतीची वाटही बंद होते.

९. मेडिकल आणि त्यानंतर

तिसऱ्या टप्प्यातली तपासणी केली असेल तर येथे फार थोडे उरते. रॅलीच्या चार-पाच दिवस आधी डॉक्टरांकडून कानातला मळ काढून घ्यावा. काडी घालून स्वतः काढू नये. नखे आणि केस कापलेले असावेत. आदल्या रात्री पुरेशी झोप घ्यावी, नाहीतर रक्तदाब आणि नाडी वाढलेली दिसते.

अपात्र ठरवले तर मैदान सोडून निघून जाऊ नका. पुनर्तपासणीसाठी कोणत्या लष्करी रुग्णालयात आणि किती दिवसांत जायचे, हे लिहिलेली चिठ्ठी मिळते. ती घेऊन त्या मुदतीतच हजर व्हावे लागते. ‘घरी जाऊन विचार करतो’ म्हणणाऱ्यांची मुदत टळते आणि बरा होण्यासारखा दोषही कायमचा ठरतो.

मेडिकल झाल्यावर अंतिम यादी लागेपर्यंत काही महिने जाऊ शकतात. त्या काळात धावणे निम्म्यावर आणावे पण बंद करू नये, महाविद्यालयातला प्रवेश रद्द करू नये आणि संकेतस्थळावरचे आपले खाते आठवड्यातून दोनदा उघडून पाहावे. यादीत नाव आल्यावर भरती कार्यालयात ठरलेल्या दिवशी मूळ कागदांसह हजर राहावे लागते, आणि तेथून थेट प्रशिक्षण केंद्राचा आदेश हातात पडतो. तेव्हा घरच्या शेतीची, शिक्षणाची, बँकेची कामे उरकायला हाताशी मोजकेच दिवस असतात. बँक खात्यावर वारसाची नोंद आणि घरच्या एका माणसाकडे सर्व कागदांच्या प्रती, ही दोन कामे त्या दिवसांत सर्वांत आधी करावीत.